ब्रिटनची आधुनिक स्मारक नाणी : गल्ल्यातले नाणे आणि पाकिटातले नाणे

प्रश्न असा आहे : मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. सुट्टीत येताना तिने ५० पेन्सची आणि २ पौंडांची निरनिराळ्या छापांची बरीच नाणी आणली. त्यांतल्याच काहींना इंटरनेटवर हजारो पौंड किंमत लावलेली दिसते. शिवाय टांकसाळीची शोभिवंत पाकिटे आणि चांदीची प्रूफ नाणीही विकत मिळतात. संग्रहाची सुरुवात कशापासून करावी आणि कशात पैसे घालू नयेत?

नाणे हातात आले की त्यावर काय कोरले आहे हे नंतर पाहा. ते टांकसाळीतून कोणत्या वाटेने बाहेर पडले, हे आधी ठरवा. ब्रिटनची टांकसाळ, रॉयल मिंट, १९६८ पासून साउथ वेल्समधल्या लान्ट्रिसन्ट इथे आहे, आणि तिथे दोन वेगळी कामे चालतात. एक म्हणजे बँकांना लागणारी चलनी नाणी पाडणे. ती रोकड केंद्रांतून बँकांत, टपाल कार्यालयांत आणि तिथून दुकानाच्या गल्ल्यात जातात. दुसरे काम संग्राहकांसाठी नाणी पाडून ती पाकिटात, डबीत किंवा संचात घालून विकण्याचे. दर्शनी मूल्य दोन्हींचे सारखे असू शकते आणि कित्येकदा छापही तोच असतो. पण बाजार मात्र अगदी वेगळा. गल्ल्यातले नाणे तुम्हाला ५० पेन्सना मिळते. त्याचे पुढे काहीच झाले नाही तरी तुमचे ५० पेन्स शाबूत राहतात. पाकिटातल्या त्याच ५० पेन्सना साधारण दहा-पंधरा पौंड मोजावे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी विकायला गेलात तर तेवढे परत मिळतीलच असे नाही. नवख्या संग्राहकांचे बहुतेक नुकसान या दोन वाटांची गल्लत केल्यामुळे होते.

आधी ५० पेन्सकडे पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे. हे सातकोनी नाणे १४ ऑक्टोबर १९६९ रोजी चलनात आले. पहिला स्मारक छाप १९७३चा, युरोपीय आर्थिक समुदायात ब्रिटन दाखल झाल्याचा : वर्तुळात एकमेकांना धरलेले नऊ हात. ती जवळपास ९ कोटी पाडली गेली, म्हणून आजही स्वस्त आहेत. १९९७ मध्ये नाणे लहान झाले : आधी ३० मिलिमीटर आणि १३.५ ग्रॅम होते, ते २७.३ मिलिमीटर आणि ८ ग्रॅमचे केले. जुनी मोठी नाणी फेब्रुवारी १९९८ अखेर चलनातून बाद झाली. त्यांत एक फार कमी पाडलेले नाणे आहे : १९९२ आणि १९९३ अशी दोन्ही वर्षे असलेला, युरोपीय समुदायाच्या अध्यक्षपदाचा छाप, फक्त १ लाख ९ हजार. संख्येने ते अगदी दुर्मीळ, तरी आता सुट्ट्या पैशांत सापडणार नाही. ते विकतच घ्यावे लागते.

लहान आकाराच्या नाण्यांत सगळ्यात गाजलेले २००९चे क्यू गार्डन्स. क्यू इथल्या वनस्पती उद्यानाला २५० वर्षे झाली त्यानिमित्त ख्रिस्तोफर ल ब्रन यांनी हा छाप केला. मधोमध चिनी पॅगोडा, त्याला वेढत गेलेली वेल, खाली उद्यानाचे नाव आणि १७५९ व २००९ ही वर्षे. २ लाख १० हजार नाणी पाडली गेली. चलनात आली तेव्हा कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. संख्या जाहीर झाल्यावर मागणी वाढली. आज वापरलेल्या पण नीट अवस्थेतल्या नाण्याला साधारण शंभर ते दीडशे पौंड पडतात. २०२३चे राजा चार्ल्स यांच्या प्रतिमेचे, अटलांटिक सामन माशाचे ५० पेन्स चलनात २ लाखच आले, म्हणजे क्यूपेक्षाही कमी. ते स्मारक नाणे नव्हे, नव्या राजाच्या नेहमीच्या मालिकेतले आहे. तरी ५० पेन्स जमवणाऱ्याला ते टाळता येत नाही. मात्र त्यावरचे साल पाहून घ्या. तोच मासा पुढच्या वर्षांच्या नाण्यांवरही येतो.

क्यूच्या बाबतीत एक सापळा मुद्दाम सांगतो. ५० पेन्सच्या नाण्याला ५० वर्षे झाली तेव्हा, २०१९ मध्ये, मिंटने काही जुने छाप संग्राहकांच्या संचासाठी पुन्हा पाडले. त्यात क्यूही होते. मागच्या बाजूला १७५९ आणि २००९ हीच वर्षे आहेत, त्यामुळे फक्त पॅगोडाचा फोटो दाखवून ते जुने म्हणून विकता येते. ओळख राणीच्या बाजूला आहे. २००९च्या अस्सल नाण्यावर इयन रँक-ब्रॉडली यांनी केलेली प्रतिमा आहे : राणीच्या डोक्यावर नाजूक टियारा, मानेखाली आयआरबी ही आद्याक्षरे. २०१९च्या नाण्यावर जोडी क्लार्क यांची प्रतिमा आहे : डोक्यावर भारदस्त मुकुटवजा डायडेम, आद्याक्षरे जेसी. विक्रेता राणीच्या बाजूचा फोटो देत नसेल तर व्यवहार करू नका.

प्रतिमा ओळखायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. दशमान नाण्यांवर १९८४ पर्यंत अर्नोल्ड मॅचिन, १९८५ ते १९९७ राफाएल मॅक्लूफ, १९९८ ते २०१५ रँक-ब्रॉडली, २०१५ पासून क्लार्क आणि आता मार्टिन जेनिंग्स यांनी केलेला डावीकडे पाहणारा राजा चार्ल्स. २०१५ साली दोन राणी-प्रतिमा चालल्या, म्हणून त्या वर्षाची नाणी वेगवेगळी ठेवा.

आता बनावट नाणी. क्यूची नक्कल सर्रास मिळते, आणि २ पौंडांच्या महाग छापांचीही मिळते. तीन वस्तू पुरतात : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, डिजिटल कॅलिपर आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग. अस्सल ५० पेन्स ८ ग्रॅमचे असते. वापराने झिजून किंवा पाडतानाच्या किरकोळ फरकाने थोडे मागेपुढे होते, पण अर्धा ग्रॅम फरक असेल तर शंका घ्या. धातू ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल, त्यामुळे लोहचुंबकाला ते चिकटत नाही. चिकटले तर प्रश्न तिथेच मिटला. न चिकटले म्हणून मात्र खरे ठरत नाही, कारण नक्कल करणारेही तांब्याचे मिश्रधातू वापरतात.

भिंगाखाली पाहण्याची रीत अशी. बाजूला रँक-ब्रॉडली प्रतिमेचे कुठलेही साधे, खात्रीचे ५० पेन्स ठेवा. राणीची बाजू दोन्हींवर एकाच हातची आहे, म्हणजे तुलनेचा नमुना तुमच्या खिशातच आहे. अक्षरांच्या कडा खऱ्या नाण्यावर उभ्या आणि धारदार असतात. ओतलेल्या किंवा नाण्यावरून ठसा घेऊन पाडलेल्या नकलेत त्या गोलसर, साबणासारख्या दिसतात. केसांच्या बटा आणि टियाऱ्याचे बारकावे एकमेकांत मिसळतात, सपाट जागेवर बारीक फोड किंवा खड्डे असतात. मागच्या बाजूला पॅगोडाच्या छपरांच्या रेषा आणि वेलीची पाने पाहा. काठाची रुंदी सातही बाजूंना एकसारखी आहे का तेही पाहा. दहा-पंधरा वर्षे चलनात फिरलेले म्हणून विकले जाणारे नाणे सगळीकडे सारखेच पिवळट चकचकीत असेल तर ते घेऊ नका. खरी झीज आधी उंच भागांवर दिसते : गालावर, केसांवर, काठावर.

२०११ साली लंडन ऑलिंपिकसाठी ५० पेन्सचे २९ छाप निघाले. नवशिक्याला सुरुवातीला मी हाच संच सुचवतो. तो अजून चलनात विखुरलेला आहे, सीमा ठरलेली आहे, आणि छाप सामान्य लोकांनी स्पर्धेतून दिलेले आहेत. ॲथलेटिक्सचा छाप तर नऊ वर्षांच्या मुलीचा. फुटबॉलच्या नाण्यावर नील वुल्फसन यांनी ऑफसाइडचा नियम आकृतीने समजावला आहे. तेच संचातले सर्वांत कमी, ११ लाख २५ हजार ५००. त्याच्या मागोमाग कुस्ती, ज्युडो आणि ट्रायथलॉन, तीनही साडेअकरा लाखांच्या आसपास. जलक्रीडेच्या नाण्याचा एक पहिला प्रकार आहे, ज्यात पाण्याच्या रेषा पोहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून जातात. नंतर चेहरा मोकळा करण्यात आला. पहिल्या प्रकारची मोजकीच नाणी बाहेर आहेत. तुमच्याकडचे जलक्रीडेचे नाणे जवळजवळ खात्रीने दुसऱ्या प्रकारचे असेल, तरी भिंगाखाली एकदा पाहायला काही लागत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे मुलांच्या गोष्टींतल्या प्राण्यांची नाणी. निळा कोट घातलेल्या सशाचे २०१७चे ५० पेन्स सुमारे २ कोटी पाडले गेले. लोक ते देखणे आहे म्हणून डबीत टाकून ठेवतात, ‘कधी दिसत नाही’ म्हणतात, आणि त्यामुळेच ते आणखी कमी दिसते. चलनात न दिसणे आणि दुर्मीळ असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. न वापरलेल्या अवस्थेतले जपून ठेवलेले नाणे हजारो घरांत असते, त्यामुळे किंमत चढत नाही.

आणखी काही ५० पेन्स असे आहेत की ते ब्रिटनच्या चलनात कधी आलेच नाहीत : २०१९चे स्टीफन हॉकिंग, २०२०चे रोझलिंड फ्रँकलिन, २०२०ची डायनोसॉर मालिका. ही पाकिटातली नाणी. सुट्ट्या पैशांत सापडले म्हणजे कोणीतरी पाकीट फोडून खर्च केले. आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर, जर्सी, गर्न्झी यांचीही ५० पेन्स नाणी आकाराने तशीच असतात आणि गर्दीत मिसळतात. ती ब्रिटनची नव्हेत. राजा-राणीच्या बाजूला त्या प्रदेशाचे नाव लिहिलेले असते. त्यांचा वेगळा संग्रह जरूर करा, ब्रिटिश यादीत मात्र घालू नका.

२ पौंडांचे दोन धातूंचे नाणे जून १९९८ मध्ये चलनात आले. व्यास २८.४ मिलिमीटर, वजन १२ ग्रॅम. बाहेरचे कडे निकेल-पितळेचे, मधली चकती तांबे-निकेलची. यात लक्ष ठेवायची चौकडी म्हणजे २००२च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेची. धावणारा खेळाडू, मागे फडकणारी पट्टी, आणि एका छोट्या वर्तुळात ध्वज. चारही नाणी ध्वज सोडून अगदी सारखी. उत्तर आयर्लंड ४ लाख ८५ हजार ५००, वेल्स ५ लाख ८८ हजार ५००, इंग्लंड ६ लाख ५० हजार ५००, स्कॉटलंड ७ लाख ७१ हजार ७५०. इथे सर्वांत कमी नाणे वेगळे काढायचे तर ते ध्वजच सांगतो, म्हणून २००२चे राष्ट्रकुल नाणे मिळाले की भिंग काढल्याशिवाय खिशात टाकू नका. ब्रिटानियाचे, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेल्या स्त्री-आकृतीचे, २०१५चे २ पौंडही साधारण साडेसहा लाखच आहे. २०१६ नंतरची बहुतेक स्मारक २ पौंडी नाणी फक्त संग्राहकांसाठी निघाली, चलनात नाहीत.

बनावट २ पौंडांत चूक बहुतेक वेळा सांध्यावर सापडते. खऱ्या नाण्यात मधली चकती आणि कडे यांची सीमा स्वच्छ असते. नकलेत कित्येकदा एकाच धातूच्या नाण्यावर रंग चढवलेला असतो आणि कडेला तो उडालेला दिसतो. कडेवरचा मजकूर उथळ, एकमेकांपासून असमान अंतरावर असेल तर तेही लक्षण.

मुद्रणदोषांबद्दल अफवा फार. कडेवरची अक्षरे ‘उलटी’ आहेत म्हणून मोठ्या किमती लावल्या जातात. पण ही अक्षरे नाणे पाडण्याआधी कोऱ्या चकतीवर उमटवतात, आणि मग चकती यंत्रात कोणत्या बाजूने पडेल ते ठरलेले नसते. निम्मी नाणी सुलटी, निम्मी उलटी असणे स्वाभाविकच. याला जादा पैसे देऊ नका. खरा दोष ओळखता येतो तो असा, की त्याचे कारण सांगता येते. २००८ मध्ये मॅथ्यू डेंट यांचे ढालीच्या तुकड्यांचे नवे छाप आले, तेव्हा २० पेन्सवरचे साल मागच्या बाजूवरून पुढे नेले गेले. काही नाणी नवी मागची बाजू आणि जुनी पुढची बाजू अशा जोडीने पाडली गेली, आणि साल कुठेच उरले नाही. ढाल असलेले २० पेन्स हातात आले की राणीच्या बाजूला साल आहे का पाहा. गुलाब असलेल्या जुन्या २० पेन्सवर साल गुलाबाच्या बाजूला असते. ते न पाहता ‘बिनसालाचे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

असेच १९८३चे २ पेन्स. १९८२ पासून ‘न्यू पेन्स’ ऐवजी ‘टू पेन्स’ लिहायचे ठरले होते. १९८३च्या संग्राहकांच्या काही संचांतल्या नाण्यांवर मात्र जुना मजकूर राहिला. १९८३ साल आणि ‘न्यू पेन्स’ हे दोन्ही एकत्र हवे. १९७१ ते १९८१ दरम्यानच्या सगळ्याच २ पेन्सवर ‘न्यू पेन्स’ असते, त्यांची किंमत दोन पेन्सच. आणखी एक तपासणी सोपी आहे : राणी सरळ उभी ठेवून नाणे वर-खाली चिमटीत धरा आणि आडवे फिरवा. मागचा छापही सरळ दिसला पाहिजे. तो बराच तिरका असेल तर ठसा फिरला होता. पाच-दहा अंशांच्या तिरकेपणाला मात्र कोणी विचारत नाही.

किंमत कशी पाहायची? विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमतच नव्हे. लिलावाच्या संकेतस्थळावर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा गाळणी-पर्याय असतो तो लावा, एकाच अवस्थेतल्या दहा-बारा विक्री पाहा, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून द्या. पाच हजार पौंडांना झालेली विक्री दिसली तरी पैसे खरोखर चुकते झाले असतील असे नाही. वर्तमानपत्रांतले ‘तुमच्या खिशात खजिना’ छापाचे मथळे अशाच एखाद्या बोलीवर उभे असतात. मिंटची आकडेवारीही उशिरा जाहीर होते आणि कधी सुधारली जाते. आकडा येण्याआधी ‘हे फार कमी आहे’ म्हणून चढ्या भावाने घेऊ नका.

मुलगी तिथे आहे, तर तिला शोधमोहीम सोपी आहे. स्वतःचे खाते असलेल्या बँकेत पिशव्या मागायच्या : ५० पेन्सची पिशवी १० पौंडांची, म्हणजे २० नाणी. २ पौंडांची पिशवी २० पौंडांची, म्हणजे १० नाणी. काही शाखा एका वेळी मोजक्याच पिशव्या देतात. घरी आधी ब्रिटानिया (२०१५चे २ पौंड सोडून) आणि ढाल असलेली नेहमीची नाणी बाजूला काढायची, मग स्मारक नाणी छाप आणि सालानुसार. प्रत्येक छापाचे सर्वांत चांगल्या अवस्थेतले एक ठेवायचे, पुढे चांगले मिळाले की बदलायचे. उरलेली नाणी ज्या शाखेतून आणली तिथेच भरू नयेत, दुसरीकडे भरावीत. नाहीतर तीच पिशवी पुन्हा तपासायची पाळी येते. सीलबंद नव्या पिशवीतले नाणेही निर्दोष नसते, कारण पाडल्यावर ती हजारोंनी एकत्र ओतली जातात आणि एकमेकांवर आपटतात. त्यामुळे ‘चलनात न फिरलेले’ आणि ‘ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड’ हे वेगळे दर्जे आहेत.

पाकिटातल्या नाण्यांचे दर्जे मुंबई टांकसाळीचे संच घेणाऱ्यांना ओळखीचे वाटतील. ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड म्हणजे चलनी नाण्यापेक्षा सावकाश आणि काळजीने पाडलेले. प्रूफ म्हणजे घासूनपुसून तयार केलेल्या चकतीवर, हाताने सिद्ध केलेल्या ठशाने, एकाहून अधिक वेळा दाबून पाडलेले. त्याची पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधाळ दिसते. पिडफोर्ट म्हणजे दुप्पट जाडीचे, म्हणून दुप्पट वजनाचे : चांदीचे ५० पेन्स पिडफोर्ट १६ ग्रॅम. चांदी सहसा ९२.५ टक्क्यांची, सोने २२ कॅरट.

खोक्यावरचे आकडे नीट वाचा. ‘मर्यादित आवृत्ती’ हा आकडा त्या विशिष्ट डबीचा असतो. ‘नाण्याची कमाल संख्या’ हा त्या दर्जाच्या सगळ्या नाण्यांचा, म्हणजे वार्षिक संचात गेलेलीही धरून. पहिला आकडा ३ हजार आणि दुसरा ७ हजार असेल तर नाणी ७ हजार आहेत. शिवाय तोच छाप साध्या पाकिटात लाखांनी असू शकतो. ‘त्याच दिवशी’ (म्हणजे स्मरणाच्या प्रसंगाच्या दिवशीच) पाडलेले, रंगीत, सोन्याचा मुलामा दिलेले, सही केलेल्या प्रमाणपत्राचे असे प्रकार निघतात. जादा दिलेले पैसे त्यांत बहुधा परत येत नाहीत. चांदीच्या नव्या नाण्याच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो, तोही विकताना मिळत नाही. आवडले म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.

खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींपासून जास्त सावध राहा. पहिले ‘नाणे’ फुकट किंवा नाममात्र पैशांत देतात आणि करारातल्या बारीक अक्षरांत पुढची मालिका दर महिन्याला घरी येईल असे लिहिलेले असते. वस्तू कित्येकदा मुलामा दिलेले पदक असते, किंवा दूरच्या एखाद्या बेटाच्या नावाचे नाणे. त्यावर दर्शनी मूल्य नसेल तर ते नाणे नव्हे, हा नियम नव्वद टक्के वेळा लागू पडतो.

उरलेले दहा टक्के म्हणजे क्राउन नावाची मोठी नाणी, आणि ही नाणी भारतातल्या घरांतही नातेवाइकांनी आणून दिलेली सापडतात. १९६५चे चर्चिल, १९७२चे राणीच्या लग्नाच्या पंचविशीचे, १९७७चे राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे, १९८१चे चार्ल्स-डायना विवाहाचे. व्यास ३८.६१ मिलिमीटर, वजन २८.२८ ग्रॅम. १९७२ पासूनच्या या नाण्यांवर मूल्य लिहिलेले नाही. ते २५ पेन्स धरतात. १९९० पासून क्राउनचे मूल्य ५ पौंड झाले. मोठे, जड, चांदीसारखे दिसते म्हणून लोक जपतात, पण चर्चिल सुमारे १ कोटी ९६ लाख आणि १९७७चे ३ कोटी ७० लाख पाडले गेले, तेही तांबे-निकेलचे.

१९७२ पासूनच्या क्राउनच्या चांदीच्या आवृत्त्याही आहेत, आणि वजनावरून फरक कळत नाही, कारण दोन्ही २८.२८ ग्रॅमच्याच. घनतेवरून कळतो. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, भिंतीला टेकणार नाही असे धरा. काटा २.७३ ग्रॅमच्या आसपास दाखवत असेल तर स्टर्लिंग चांदी, ३.१६च्या आसपास असेल तर तांबे-निकेल. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटका, नाहीतर आकडा फुगतो. डबीत बंद असलेले प्रूफ नाणे मात्र यासाठी बाहेर काढू नका.

इथेच ‘कायदेशीर चलन’ या शब्दाचा घोटाळा होतो. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ फार मर्यादित आहे, देणे फेडण्याच्या न्यायालयीन वादापुरता. दुकानदाराने किंवा बँकेने ते नाणे घेतलेच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. २०१३ पासून मिंटने २० पौंडांची आणि नंतर १०० पौंडांची चांदीची नाणी दर्शनी किमतीलाच विकली. ‘तोटा होणारच नाही’ अशा समजुतीने लोकांनी ती घेतली. २०१६ मध्ये बँकांनी ती स्वीकारू नयेत असे कळवण्यात आले आणि ग्राहक अडकले. आज त्यांची किंमत करायची तर चांदीवरूनच करा : २० पौंडांत शुद्ध चांदी १५.७१ ग्रॅम, १०० पौंडांत ६२.८६ ग्रॅम.

भारताशी नाते असलेले आधुनिक नाणे म्हणून २०२१च्या दिवाळीत निघालेले महात्मा गांधींचे ५ पौंड घेण्याजोगे आहे. हीना ग्लोव्हर यांनी त्यावर कमळ कोरले आहे. ब्रिटनच्या अधिकृत नाण्यावर गांधीजींचे स्मरण झाल्याची ही पहिलीच वेळ. ते चलनात आलेले नाही, पाकिटातले आहे. साधे, चांदीचे, सोन्याचे असे प्रकार आहेत. छापासाठी हवे असेल तर साधे पाकीटच घ्यावे, चित्र तेच आहे. आधुनिक नाण्यांच्या पलीकडे जायचे असेल तर १९१८ साली मुंबईत पाडलेले, टांकसाळीचे चिन्ह म्हणून ‘आय’ अक्षर असलेले सोव्हरिन हा मराठी संग्राहकासाठी सुंदर दुवा आहे. पण तो सोन्याचा व्यवहार आहे, वजन आणि शुद्धता तपासल्याशिवाय करू नये.

जपणुकीत दोन चुका घातक ठरतात : साफ करणे आणि पीव्हीसी. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावले की पृष्ठभागाचा सूक्ष्म थर निघून जातो. नाणे चमकते, पण ती चमक चपटी असते. जाणकाराला लगेच कळते आणि किंमत निम्म्याच्या खाली जाते. चलनातून आलेल्या नाण्याची धूळ काढायचीच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात बुडवा, चोळू नका, मऊ कापडावर आपोआप वाळू द्या. प्रूफला तेही नको. स्वस्त, मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे कप्पे पीव्हीसीचे असतात. काही वर्षांत त्यातून चिकट हिरवट थर नाण्यावर येतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात. काम काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर करा. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे कप्पे, नाहीतर मापाची गोल कॅप्सूल वापरा : ५० पेन्ससाठी २७.३, दोन पौंडांसाठी २८.४ मिलिमीटर. पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणे काढताना आधी स्टेपलच्या पिना काढा, त्यांनीच सर्वांत जास्त ओरखडे पडतात.

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला. चांदीजवळ रबरबँड, वर्तमानपत्र, लाकडी खोके ठेवू नका. त्यातल्या गंधकामुळे आणि आम्लामुळे ती काळवंडते.

विकायचा भाग थोडक्यात. मुलीने आणलेली साधी नाणी भारतात बदलून मिळत नाहीत. परकीय चलन बदलणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. म्हणून जी ठेवायची नाहीत ती तिच्यासोबत परत पाठवा, तिथे ती पूर्ण किमतीला खर्च होतात. गोल १ पौंड मात्र ऑक्टोबर २०१७ पासून दुकानात चालत नाही. २०११चे एडिनबरा शहराचे असेल, तर ते फक्त ९ लाख ३५ हजार पाडलेले आहे, ते ठेवून घ्या. टपालाने नाणी मागवताना त्या सेवेची मनाई-यादी आणि भारतातले सीमाशुल्क दोन्ही आधी पाहा. वीस पौंडांच्या आतल्या नाण्याला प्रमाणित करून सीलबंद पेटीत घालून घेण्याचा खर्च करू नका, शुल्क नाण्याहून जास्त पडते. क्यू किंवा बिनसालाचे २० पेन्स मात्र प्रमाणित केले तर विकताना निम्मा वाद आधीच संपतो.